डाव्या कानाचा टवका

दोंडाईच्याहून शहाद्याच्या रस्त्याला लागलात की तापीवरचा लांबलचक पूल येतो आणि पूल संपता संपता वास बदलतो. आधी पाण्याचा गार, शेवाळी वास. मग ओल्या लिदीचा, आणि त्यात मिसळलेला जिलेबीच्या कढईचा. हे सारंगखेडं. मार्गशीर्ष पौर्णिमा, एकमुखी दत्ताची यात्रा. नवस फेडणारे लोटांगण घालत देवळाकडे निघालेत, आणि तुम्ही मात्र हातात गुडीशेवेचा पुडा घेऊन थेट घोडेबाजारात शिरलेले आहात. दत्त समजून घेईल. इथं येणारे निम्मे लोक हेच करतात.

दावणी लांबवर गेल्यात. पुढच्या पायांना आगाडी, मागच्यांना पिछाडी, तोंडाला तोबरे. मारवाडी घोडे कानांची टोकं एकमेकांना टेकवून उभे आहेत, काठेवाडी जरा आखूड चणीचे, आणि एका मांडवात गुलाबी कातडीचा पांढराशुभ्र नुकरा, लग्नातल्या नवरदेवासारखा अवघडलेला. पलीकडे मोकळ्या पट्टीवर कुणीतरी रेवाल चाल दाखवतंय. स्वाराच्या हातात पाण्यानं भरलेला पेला आहे आणि पेल्यातलं पाणी हिंदकळत नाहीये. भरधाव पळणं कुठल्याही घोड्याला येतं, असं इथले जाणकार म्हणतात. रेवाल मात्र हाडात असावी लागते.

तुम्ही एका मांडवापाशी थबकता. मागं फ्लेक्स लावलाय. त्यावर मालकाचा फोटो बोटभर, घोड्याचा पुरुषभर. घोड्याचं नाव मोठ्या अक्षरात, मालकाचं खाली बारीक. २०२१च्या यात्रेत नाशिकहून ‘रावण’ नावाचा काळाभोर मारवाडी घोडा आला होता. त्याला पाच कोटींची मागणी लागल्याच्या बातम्या महाराष्ट्रभर छापून आल्या आणि मालकानं तो विकला नाही, ही बातमी त्याहून मोठी झाली. तेव्हापासून दर साली असा एखादा असतोच. नाव झालेलं जनावर इथं विकायला येत नाही, मागणी ऐकायला येतं. खरा व्यवहार होतो तो पलीकडं, जिथं फ्लेक्स नाहीत. तिथं दोन माणसं रुमालाखाली हात घालून उभी असतात. वर चेहरे कोरे, खाली बोटं बोलतात. एक बोट धरलं, दोन धरली, पंजा दाबला. शेजारी उभ्या असलेल्या तुम्हाला काही म्हणता काही कळत नाही, आणि कळू नये हाच त्या रुमालाचा उपयोग.

त्याआधी घोडा तपासला जातो. दात, खूर, मग केसांचे भोवरे. गळ्यावरचा देवमण शुभ, चार पाय आणि कपाळ पांढरं असेल तर पंचकल्याणी. केसांची एखादी उलटी रेघ नको त्या जागी दिसली की ती गोम. ‘खरी गोम इथंच आहे’ असं आपण कचेरीत, राजकारणात, सासरी बिनधास्त म्हणतो. तो शब्द या दावणीवरून आपल्या तोंडी आलाय, हे मात्र विसरलेलो असतो.

तेवढ्यात खिशातला फोन थरथरतो. लंडनला असलेल्या भाच्यानं एका लिलावघराचं पान पाठवलंय. ‘मामा, तुमच्याकडचं दिसतंय.’

पानावर दोन घोडे आहेत. पहिला विलायती शर्यतीचा, ब्राँझचा. त्याखाली त्याचं नाव, त्याच्या बापाचं, त्याच्या आईचं, जिंकलेल्या शर्यती, मालक, शिल्पकार. सातबाऱ्याच्या उताऱ्यावरही इतकी माहिती नसते. दुसरा घोडा वीतभर उंचीचा, जाडजूड पायांचा, पुढचा उजवा पाय उचललेला. पाठीवर खंडोबा, त्याला बिलगून म्हाळसा, पोटाखाली कुत्रा. त्याच्याखाली दीड ओळ: ‘अश्वारूढ खंडोबा. महाराष्ट्र, अठरावं किंवा एकोणिसावं शतक. ब्राँझ. पूजेनं झिजलेला. डाव्या कानाचा टवका उडालेला.’

असे खंडोबा जगभरच्या लिलावांत अधूनमधून येतात, त्यात नवल नाही. तुम्हाला खटकतं ते निराळंच. वरच्या घोड्याला सात पिढ्या आणि खालच्याला फक्त एक दोष. तुम्ही दोन बोटांनी चित्र मोठं करता, तो कान नीट बघावा म्हणून. पडदा त्या कानानं भरून जातो. पायाखालची वाळू सरकते, आणि जिलेबीचा वास बंद होतो.

*

पहिल्या खेपेला तुम्ही चुकीच्या घोड्यापाशी पोचता. होतं असं.

१८७९ साल, मुंबई. भोवती पागोटी, पारशी टोप्या, चिरुटांचा धूर. समोर ब्राँझचा प्रचंड घोडा आणि त्यावर इंग्लंडचा युवराज, जो १८७५ साली हिंदुस्थान बघायला आला होता. पैसे अल्बर्ट ससून यांचे, काम जोसेफ एडगर बोम यांचं. हे बोम म्हणजे घोड्यांचे दर्दी. याच दशकात त्यांनी किंग टॉम नावाच्या शर्यतीच्या घोड्याचा पूर्णाकृती ब्राँझ पुतळा केला होता, बॅरन मेयर द रॉथ्सचाइल्ड यांच्या मेंटमोरच्या वाड्यासाठी. किंग टॉम १८५४च्या डर्बीत दुसरा आला होता. दुसरा! आपल्याकडं दुसऱ्या आलेल्याचा पुतळा सोडाच, सत्कारही होत नाही. पण पुढं त्याची पैदास गाजली आणि मालकाचा जीव त्याच्यावर होता. त्या वाड्यातल्या चीजवस्तूंचा १९७७ साली मोठा लिलाव झाला; किंग टॉम मात्र नंतर स्कॉटलंडला घरच्यांकडंच गेला. स्वार नसलेला, नाव असलेला घोडा.

मुंबईतल्या घोड्यावर स्वार आहे आणि नावही स्वाराचंच कोरलंय. पण तुमच्या शेजारचा हमाल मान वर करून बघतो, त्याला त्या लांबलचक पदव्यांशी देणंघेणं नसतं, आणि तो दोनच शब्द बोलतो: काळा घोडा. झालं. शिलालेख हरला. तुम्ही त्याच जागी उभे राहता आणि भोवती वर्षं भराभरा सरकतात. १९६५ साली पुतळा उचलून राणीच्या बागेत नेतात, चौकात काही उरत नाही, तरी टॅक्सीवाला ‘काळा घोडा’च म्हणतो. २०१७ साली तिथं पुन्हा एक काळा घोडा उभा राहतो. या खेपेला पाठीवर कुणीच नाही. लोकांनी स्वाराला कधीच खाली उतरवलेलं होतं; शिल्पकारानं फक्त दप्तरी नोंद केली.

तुम्ही पुन्हा फोनवरच्या कानाला बोट लावता. या वेळी जरा जपून.

*

थंडी. अशी थंडी की दात वाजतात. तुम्ही सारंगखेड्यालाच आहात, पण पूल नाही. तापी खाली, फार खाली, वाळवंटाच्या मधोमध एका चिंधीसारखी पडलीय. पहाट व्हायचीय. शके १८२१ची मार्गशीर्ष पौर्णिमा सरत आलीय, इंग्रजी तारीख १७ डिसेंबर १८९९. गुजरातेकडचे व्यापारी या सालाला संवत १९५६ म्हणतात. पुढं शंभर वर्षं म्हाताऱ्याकोताऱ्या ‘छप्पन सालचा’ एवढंच म्हणतील आणि दुष्काळ हा शब्दसुद्धा जोडावा लागणार नाही.

पाऊस आलाच नाही. खानदेश, गुजरात, दोन्हीकडं नाही. यात्रा भरलीय ती दत्ताचा शब्द मोडू नये म्हणून. दावणी आहेत, पण विरळ. घोड्यांच्या फासळ्या चांदण्यात मोजता येतात. पाठीवर हात ठेवलात तर कणा हाताला लागतो, जसा पालथ्या होडीचा. तोबऱ्यात चंदी नाही, झाडपाला आहे. एका कोपऱ्यात निवडुंगाची पानं जाळावर धरून काटे जाळताहेत, जनावरांना घालायला. घोड्याचा भाव कुणी विचारत नाही, कडब्याचा विचारतात. आणि एकजण दुसऱ्याला आपली घोडी फुकट नेण्याबद्दल विनवतोय, फक्त तिला पोटाला घाल म्हणून. रुमालाची गरजच उरलेली नाही. जो भाव सगळ्यांना ठाऊक आहे तो झाकायचा कशाला?

संध्याकाळी दत्तजन्म झाला तो वेध लागायच्या आत उरकला, कारण पहाटे ग्रहण आहे. आता ते लागलंय. पश्चिमेला चंद्र खाली उतरतोय आणि उतरता उतरता काळा पडतोय, आधी एका कडेला, मग तव्यावरची भाकरी करपावी तसा. पात्रात माणसं गुडघाभर पाण्यात उभी आहेत. गावाकडून आरोळी येते: ‘दे दान, सुटे गिऱ्हाण!’ दान द्यायला कुणाच्या घरात काय आहे, हे आरोळी देणाऱ्यालाही ठाऊक असणार. तरी तो ओरडतो. त्याचा हक्क आहे तो.

कासाराचं पाल तुम्हाला कंदिलामुळं सापडतं. पालापुढं मोडीचा ढीग: तांबे, पराती, घंगाळी, समया, एक फुटका हंडा. चांगल्या सालात इथं नवी भांडी मांडलेली असतात आणि मोड कोपऱ्यात असते. आज उलटं आहे. घराघरांतून भांडी आलीत, कारण शिजवायला काही नाही. ढिगाकडं बघताना तुम्हाला एकेक चूल दिसते.

त्याच्यासमोर एक बाई उकिडवी बसलीय. पदर डोक्यावरून, अंगात फाटकी चोळी, हातात लाल फडकं. फडक्यातून ती घोडा काढते.

तोच. जाड पाय, उचललेला उजवा पाय, खंडोबा, म्हाळसा, कुत्रा. भंडाऱ्यानं खाचा पिवळ्या झाल्यात आणि खंडोबाचं नाक दरवर्षीच्या चिंचेनं अन् राखेनं जवळजवळ सपाट झालंय. तुम्ही पुढं वाकून कान बघता. डाव्या कानाला टवका आहे. म्हणजे तो लंडनला पोचायच्या आधीपासून आहे.

कासार घोडा हातात घेऊन अंदाज करतो. ‘देव हाये, बाई. पाप लागंल.’

‘देव नही इकत मी,’ ती म्हणते. ‘पितळ इकस.’

देव तिनं काल संध्याकाळीच सुपारीत काढून ठेवलाय. घरी कोनाड्यात ती सुपारी आहे, तिला हळद लावलीय, दिवा लावलाय. तिच्या हिशेबात आता या फडक्यात उरलंय ते पक्कं दोन शेर पितळ. तुमच्या डोळ्यांत पाणी यायच्या आत तुमच्या लक्षात येतं की तिच्या डोळ्यांत ते नाहीये. तिला घाई आहे. उजाडल्यावर सरकारी दुष्काळी कामावर खडी फोडायला हजेरी लागते. हजेरी चुकली की त्या दिवसाची मजुरी गेली.

कासार कानावरून अंगठा फिरवतो. ‘कान फुटलाय.’

‘आमच्याकडं पैल्यापून असाच शे.’

‘असू दे. वजनाला काय फरक?’ मग तो आकाशाकडं बघतो आणि हात मागं घेतो. ‘पण गिऱ्हाणात तराजूला हात लावीत नाही मी. सुटल्यावर ये.’

आणि ग्रहण सुटायचं नाही. चंद्र तसाच, काळाठिक्कर, क्षितिजाखाली जाणार, ग्रस्तास्त. शास्त्राप्रमाणं चालणारा माणूस मग संध्याकाळपर्यंतही थांबेल. बाई फडकं पुन्हा बांधायला लागते. तिच्या बोटांना गाठ जमत नाही.

नेमका तेव्हा एक टोपीवाला येतो. सुरतेहून अमळनेरकडं येणाऱ्या तापी व्हॅली रेल्वेचं काम शेवटाला आलंय, त्या कामावरचा कुणी गोरा असावा. तो ग्रहण बघायला नदीवर आलाय, गळ्यात दुर्बीण आहे. ग्रहणाचा विटाळ त्याला नाही. तो घोडा उचलतो, कंदिलापाशी नेतो, फिरवून बघतो आणि खिशातून राणीच्या शिक्क्याचे दोन रुपये काढतो. मोडीच्या भावानं इतके आले नसते. बाई रुपये दातानं तपासते, एक नव्हे, दोन्ही.

गोरा बोट दाखवून विचारतो. ती सांगते, ‘खंडोबा.’ तो वहीत लिहून घेतो. मग कानाकडं बघून आणखी एक शब्द लिहितो. घोड्याबद्दल तो विचारत नाही. आणि विचारलं असतं तरी तिला ठाऊक नव्हतं. सासूनं सांगितलं नव्हतं, सासूला तिच्या सासूनं सांगितलं नव्हतं. ती पाण्याच्या कडेकडेनं झपाझपा चालू लागते. पूर्वेला तांबडं फुटतं, आणि पश्चिमेला चंद्राची नखभर उजळ कड नदीपलीकडच्या झाडांत बुडते.

सकाळी तराजू उघडला असता, तर हा घोडा दुपारपर्यंत मुशीत वितळला असता. त्या ढिगातले किती देव तसे गेले, कुणी मोजलेले नाहीत. ग्रहणामुळं एक वाचला, आणि गेला तोही सातासमुद्रापार.

कान अजून राहिलाच आहे. तुम्ही पुन्हा बोट लावता.

*

या वेळी धूर. डोळे चोळत तुम्ही बघता तर एका ओतारीच्या अंगणात आहात. सवाई माधवरावांचा अंमल आहे, सातपुड्यापलीकडं महेश्वरी अहिल्याबाई कारभार बघताहेत. साल १७८५च्या आगंमागं. चंपाषष्ठी तोंडावर आलीय. खंडोबाचं षड्रात्र सुरू आहे आणि ओतारीला मान वर करायला सवड नाही, कारण सगळ्यांना देव आत्ताच हवेत. दिवाळीत शिंप्याची होते तशी त्याची गत झालीय.

अंगणात एक शिलेदार उभा आहे. शिलेदार म्हणजे ज्याचा घोडा त्याचा स्वतःचा. सरकारच्या घोड्यावर बसतो तो बारगीर. फरक कागदावर बारीक वाटतो. पण घोडा मेला आणि दुसरा घ्यायला पैसा नसला की शिलेदाराचा बारगीर होतो. पगार उतरतो, पंगतीतली जागा उतरते. म्हणून शिलेदार घोड्याला बायकोपेक्षा जपतो, असं बायका म्हणत.

याची घोडी बरोबर आहे. म्हातारी होत आलेली, डोळ्यांवर खळगे पडलेले, ठेंगणी, भक्कम पायांची दख्खनी कुमेद. मारवाडी डौल शोधाल तर निराश व्हाल. पण तिच्या खांद्यावर जिनाचे घट्टे आहेत आणि ती उभी राहिली की एक पाय सतत उचलून धरते, पुढचा उजवा, निघायची घाई असल्यासारखी. ही सारंगखेड्याच्या बाजारातून आणलेली. शिवाजीमहाराजांच्या फौजेलाही इथून घोडे गेले, असं या भागात सांगतात, आणि शिलेदार तेच सांगत ओतारीपुढं तिची किंमत वाढवतोय. ओतारीला तिच्याशी कर्तव्य नाही. त्याला घोडा एकच येतो. बापानं शिकवलेला.

फळीवर मेणाचा देव तयार आहे. मेणात राळ घातलीय, म्हणून ते तांबूस दिसतं आणि बोटाच्या उबेनं हवं तसं वळतं. तो उकळत्या पाण्यात सळई बुडवून म्हाळसेच्या नथीचा ठिपका लावतोय. खंडोबाची तलवार, भंडाऱ्याची वाटी, घोड्याच्या गळ्यातली घुंगरमाळ, सगळं मेणाच्या दोऱ्यांनी चिकटवलेलं. घोड्याचे चारी पाय खाली टेकलेत आणि दोन्ही कान ताठ.

शिलेदाराचा आठ वर्षांचा पोरगा जमिनीवर पालथा पडून, हनुवटी फळीच्या पातळीला आणून ते बघतोय.

‘ही पाखरी नाही,’ तो म्हणतो.

‘कोण पाखरी?’

पोरगा घोडीकडं बोट करतो. ‘ती. ती एक पाय वर धरते.’

ओतारी शिलेदाराकडं बघतो. शिलेदार दुसरीकडं बघतो. म्हणजे त्याचीही हरकत नाही. ओतारी सुस्कारा सोडून मेणाचा पाय दिव्यावर शेकतो आणि गुडघ्यात वाकवतो. एवढ्यानं घोडा बदलतो. कालपर्यंत तो देवाचं आसन होता, आता त्याला कुठंतरी जायचंय.

‘आणि कान,’ पोरगा म्हणतो.

‘कानाला काय झालं?’

‘डावा. तरसानं तोडला होता. ती शिंगरू होती तेव्हा.’

तुम्ही घोडीजवळ जाता. ती मान वळवून तुम्हाला हुंगते, गरम श्वास हातावर येतो. डाव्या कानाचा शेंडा नाहीच, त्या जागी जुनी, केस न उगवलेली, दातेरी कड आहे.

ओतारी आता चिडतो. फुटक्या कानाचा देव कुणी घेत नाही. उद्या लोक म्हणतील ओतकाम फसलं, रस कानापर्यंत पोचला नाही. त्याचं नाव जाईल. शिलेदार पहिल्यांदाच तोंड उघडतो आणि सांगतो की देव अख्खाच आहे, कान घोडीचा आहे. यावर ओतारीपाशी उत्तर नसतं. तो अंगठ्याचं नख मेणाच्या कानाच्या टोकाला लावतो आणि चिमटा घेतो. मेणाचा कण गव्हाच्या दाण्याएवढा. तो कण तो फेकत नाही, गोळ्याला परत चिकटवतो. मेण महाग आहे.

मग वारुळाची मऊ माती, शेण, कोळशाची भुकटी यांचा पातळ लेप, तो वाळला की जाड मातीचा, त्यावर भाताचा तूस मळलेला आणखी एक. हे सगळं व्हायला दिवस लागतात; तुम्ही ते डोळ्याची पापणी लवते तेवढ्यात बघता. साचा जाळावर तापतो, खालच्या भोकातून मेण ठिबकून निघून जातं, आणि आत घोडीच्या आकाराची पोकळी उरते. शेजारी मुशीत पितळ वितळतंय. कुठलं पितळ? शिलेदाराच्या घरची जुनी घागर, दोन वाट्या, एक मोडकी समई. लिलावघर ज्याला ब्राँझ म्हणतं ते असं: मोडीतून आलेलं. भात्याचा दम वाढला की मुशीवर हिरवट जाळ नाचतो. ओतारी रस ओततो तेव्हा कुणी बोलत नाही. पोरगासुद्धा.

साचा फुटतो तो पायांकडून. आधी खूर, मग कुत्रा, मग देव, काळे, खडबडीत, मातीनं माखलेले. कान सगळ्यात शेवटी. ओतारी छिन्नीनं माती उडवतो, फुंकर मारतो. दातेरी कड जशीच्या तशी आली आहे. तो ती कानशीनं घासायला जातो, सवयीनं. पोरगा त्याचा हात धरतो.

*

जिलेबी. लाउडस्पीकर. कुणाचा तरी धक्का लागून गुडीशेव सांडते आणि तुम्ही पुन्हा त्याच मांडवापाशी उभे आहात. दिवस मावळलाय, दत्तजन्माच्या घंटा होऊन गेल्यात. फोनचा पडदा अजून उजळलेला, त्यावर तो कान.

मांडवातला मोतद्दार खरारा करता करता थांबलाय आणि तुमच्या खांद्यावरून फोनमध्ये बघतोय. पन्नाशीचा, हाताला घोड्याच्या घामाचा वास. तुम्ही चित्र लहान करून सगळा देव त्याला दाखवता. तो खंडोबाला आधी नमस्कार करतो, मग देवाला बाजूला ठेवून घोडा बघायला लागतो. दात बघावेत तसा, खूर बघावेत तसा. फोन तिरका करतो, पोटाखाली बघतो.

‘हाई घोडं नही,’ तो म्हणतो. ‘घोडी शे.’

लिलावघराच्या दीड ओळीत हे नव्हतं.

‘आन् कान तोडेल शे. कुत्रानी नही तर तरसनी. फुटेल नही.’ तो आणखी थोडा वेळ बघतो. ‘पाय का उचलस हाई? दुखंत नही हिना पाय. सवय शे.’ मग फोन परत देत विचारतो, ‘कितला मांगतस?’

तुम्ही आकडा सांगता. पौंडांतून रुपयांत करून. तो भुवया उंचावून शेजारच्या काळ्या घोड्याकडं बघतो, ज्याला दिवसाला दूध लागतं, तूप लागतं, हरभरा लागतो, आणि हसतो.

‘आन् खास काय?’

‘काही नाही.’

‘मंग सस्ती शे.’ तो तोबरा झटकतो. दोन पावलं जातो, पुन्हा वळतो. ‘हिनं नाव काय?’

‘पाखरी,’ तुम्ही सांगता.

तो मान हलवतो, जणू नोंद झाली, आणि काळ्याच्या तोंडाला तोबरा चढवायला लागतो.